कीड काढायची की थांबवायची? लहान मुलांच्या दातांचे न कोरता होणारे उपचार आणि घरातल्यांचे प्रश्न

माझ्या भाचीच्या मुलाला साडेतीन वर्षे झाली तेव्हा त्याच्या वरच्या चार पुढच्या दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टे आले होते आणि खालच्या दोन दाढांमध्ये खळगे पडले होते. तो रडत नव्हता, नीट जेवत होता, रात्री शांत झोपत होता. नर्सरीतल्या बाईंनी लक्षात आणून दिले म्हणून त्याला कोथरूडमधील एका बालदंततज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी दात तपासले, एक्स-रे काढला आणि सांगितले की या वयात भूल देऊन दात कोरण्याची घाई करण्याचे कारण नाही. पुढच्या दातांना कीड थांबवणारे एक औषध लावू आणि दाढांवर न कोरताच स्टीलच्या टोप्या बसवू. औषध लावल्यावर दाताचा किडलेला भाग काळा पडेल व तो काळाच राहील, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले आणि औषध लावलेल्या दातांची छायाचित्रे दाखवली.

घरी आल्यावर या सल्ल्यावर आठवडाभर चर्चा चालली. भाचीच्या सासूबाईंचा प्रश्न होता, “ताई, तुम्हीच सांगा, कीड आत तशीच ठेवायची आणि वरून टोपी घालायची, मग ती आतल्या आत पसरणार नाही का?” मुलाच्या वडिलांना टोपीचे काही वाटत नव्हते, परंतु पुढचे दात काळे होणार ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. आजोबांचे म्हणणे असे की दुधाचे दात पडायचेच आहेत, मग त्यांच्यामागे एवढे कशाला लागायचे. भाचीची इच्छा एवढीच होती की मुलाला खुर्चीत दाबून धरण्याची वेळ येऊ नये. मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे प्रत्येकाने आपला प्रश्न माझ्यापुढे ठेवला. त्या निमित्ताने मी जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले आणि घरातल्यांना जे समजावले, ते येथे लिहीत आहे.

सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे. आपल्या भाषेत दाताला ‘कीड लागते’. धान्याला लागते, लाकडाला लागते, तशीच दाताला. या शब्दामुळे आपल्या मनात आपोआप एक चित्र उभे राहते: आत कोणीतरी जिवंत किडा बसला आहे, तो पोखरत चालला आहे आणि त्याला बाहेर काढल्याखेरीज सुटका नाही. ही समजूत आपलीच आहे असे नाही. प्राचीन बाबिलोनमध्येही दातात किडा असतो असे मानत असत, आणि अठराव्या शतकात, 1728 साली, फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्यांनी आपल्याला दातात असा किडा कधी आढळला नाही असे लिहिले, तरी लोकांच्या मनातून तो गेला नाही. 1890 च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणारे विलोबी मिलर यांनी खरे कारण मांडले. तोंडातील जीवाणू आपण खाल्लेल्या साखरेचे व पिष्टाचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळवते. म्हणजे किडणे ही एक रासायनिक घडामोड आहे, आणि घडामोड म्हटली की तिचा वेग कमी करता येतो, ती थांबवता येते, सुरुवातीच्या अवस्थेत तर उलटही फिरवता येते.

ती घडते कशी, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. दाताचे बाहेरचे कठीण आवरण म्हणजे एनॅमल, आणि ते मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे बनलेले असते. तोंडातील आम्लता वाढून पीएच (आम्लतेचे माप; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) साधारण 5.5 च्या खाली गेला की हे स्फटिक विरघळू लागतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरील चिकट थरात पीएच घसरतो आणि तो पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. तो वर आला की लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातात जाऊन बसतात. दिवसभर ही देवाणघेवाण चालू असते. मूल दिवसातून तीन-चार वेळा खात असेल तर लाळेला भरपाई करायला वेळ मिळतो. परंतु दर तासाला हातात बिस्कीट, राजगिऱ्याची वडी किंवा फ्रुटीचा घोट असेल तर भरपाई कधी होतच नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात आधी जातात. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचे आच्छादन असते आणि तेथे लाळही अधिक पोहोचते, म्हणून ते बहुधा वाचतात. आमच्या मुलाचे नेमके तेच झाले होते. दुधाच्या दातांचे एनॅमल कायमच्या दातांपेक्षा बरेच पातळ असते, त्यामुळे पांढऱ्या डागापासून खळग्यापर्यंतचा प्रवास काही महिन्यांतच होऊ शकतो.

हे एकदा समजले की सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. जीवाणूंना जगायला साखर लागते. टोपी घट्ट बसली आणि तिच्याखालची फट सिमेंटने पूर्ण बंद झाली, की आत राहिलेल्या जीवाणूंना तोंडातले अन्न मिळत नाही. त्यांचे आम्ल बनवणे बंद पडते आणि किडण्याची क्रिया थबकते. दाताच्या आतील जिवंत भाग, ज्याला आपण नस म्हणतो, तो या अवधीत आतून नवा कठीण थर घालून स्वतःचा बचाव करतो. किडलेला भाग खरवडून काढणे हा कीड थांबवण्याचा एक मार्ग आहे. तो एकमेव मार्ग नाही. मी सासूबाईंना सांगितले की तुपाच्या दिव्यावर भांडे पालथे घातले तर ज्योत विझवायला वात उपटून काढावी लागत नाही. त्यांना हे पटले, मात्र त्यांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला, “पण भांडे थोडे उचलले गेले तर?” हा प्रश्न अगदी रास्त होता. टोपी सैल झाली, निघाली किंवा मुळात कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचलेली असताना बसवली, तर हा उपचार फसतो. म्हणूनच आधी एक्स-रे आणि नंतर ठरावीक काळाने तपासणी या दोन्ही गोष्टी उपचाराचाच भाग आहेत.

न कोरता टोपी बसवण्याच्या या पद्धतीला हॉल पद्धत म्हणतात. नॉर्ना हॉल या स्कॉटलंडमधील सर्वसाधारण दंतचिकित्सा करणाऱ्या एक डॉक्टर. त्या आपल्या दवाखान्यात मुलांच्या किडलेल्या दाढांवर इंजेक्शन न देता, कीड न काढता तयार स्टीलच्या टोप्या बसवत असत. त्यांच्या नोंदींचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक तज्ज्ञांची प्रतिक्रिया आमच्या सासूबाईंसारखीच होती. मग स्कॉटलंडमध्येच 132 मुलांवर रीतसर चाचणी घेण्यात आली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर अशी टोपी बसवली आणि दुसऱ्या दाढेत नेहमीच्या पद्धतीने भरण केले. पाच वर्षांनंतर टोपी बसवलेल्या दाढांपैकी सुमारे 3 टक्के दाढांमध्ये नसेला सूज, गळू यांसारखा गंभीर बिघाड झाला होता. नेहमीचे भरण केलेल्या दाढांमध्ये हे प्रमाण साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होते. आमच्या विषयाच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो आणखी एक आकडा. आपली पसंती सांगणाऱ्या पालकांपैकी 83 टक्के पालकांनी आणि मुलांपैकी 77 टक्के मुलांनी टोपीच बरी असे सांगितले. चकाकणारी टोपी पाहून पालक बिचकतील अशी जी भीती असते, ती मुलाला सुई टोचली गेली नाही हे अनुभवल्यावर बऱ्याच अंशी मावळते, असा त्याचा अर्थ मी घेते.

टोपी बसवण्याआधी दोन दाढांच्या मध्ये काही दिवस छोटे रबरी छल्ले ठेवून जागा करावी लागू शकते. टोपी बसल्यावर एक-दोन दिवस हिरडी दुखरी वाटते आणि चावताना दात किंचित उंच लागतो. काही आठवड्यांत चावा आपोआप सरळ होतो. हे आधी सांगितले नाही तर घरचे घाबरतात आणि ‘टोपी चुकीची बसवली’ असा ग्रह करून घेतात.

आता वडिलांचा प्रश्न. त्याला मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. पुढच्या दातांना लावायचे औषध म्हणजे सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड. या नावातील चांदीमुळे आपल्याकडे एक घोटाळा होतो. पुण्यात ज्यांनी पूर्वी दाढा भरून घेतल्या आहेत, ते ‘चांदी भरली’ असे म्हणतात. ती चांदी म्हणजे पारा आणि चांदी-कथिलासारख्या धातूंचे मिश्रण असते, आणि ते दाढ कोरून खळग्यात ठासून भरतात. हे औषध तसे मुळीच नाही. त्यात पारा नाही. ते पाण्यासारखे पातळ द्रावण आहे आणि बारीक कुंचल्याने किडलेल्या जागेवर लावायचे असते. दात पुसून कोरडा करायचा, ओठांना व हिरडीला व्हॅसलीन लावायचे, औषधाचा थेंब कुंचल्यावर घेऊन साधारण मिनिटभर दाताला भिडवायचा; एवढाच विधी. त्यातील चांदी जीवाणूंना मारते, आणि फ्लोराईड दातातील खनिज पुन्हा घट्ट करायला मदत करते. चांदीचे सूक्ष्म कण किडलेल्या, मऊ झालेल्या भागात साठतात आणि तो भाग काळा पडतो. निरोगी एनॅमल काळे होत नाही.

हे औषध काल-परवाचे नाही. जपानमध्ये त्यावर 1960 च्या दशकाच्या अखेरीस काम झाले आणि 1970 पासून ते तेथे वापरात आहे. अमेरिकेत त्याला 2014 मध्ये परवानगी मिळाली, तीही मुळात दातांच्या संवेदनशीलतेसाठी. कीड थांबवण्यासाठी डॉक्टर ते वापरू लागले ते त्यामागोमाग. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या द्रावणाचा, फ्लोराईडयुक्त टूथपेस्टचा आणि दात भरण्याच्या ग्लास आयोनोमर सिमेंटचा समावेश केला. 38 टक्के तीव्रतेचे द्रावण लावल्यास किडलेल्या दुधाच्या दातांपैकी बहुसंख्य जागांवर कीड थांबते, वर्षातून एकदा लावण्यापेक्षा दोनदा लावल्याने परिणाम अधिक चांगला मिळतो, आणि दाढांपेक्षा पुढच्या दातांवर ते अधिक यशस्वी ठरते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

म्हणजे ज्या दातांवर औषध सर्वांत चांगले लागू पडते, तेच दात हसताना दिसतात. पालकांची खरी अडचण येथेच आहे. न्यूयॉर्क परिसरातील 120 पालकांना अशा काळ्या पडलेल्या दातांची छायाचित्रे दाखवून त्यांचे मत विचारले गेले आणि तो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या दाढांवरील काळेपणा दोन तृतीयांश पालकांना चालण्यासारखा वाटला. पुढच्या दातांवरील काळेपणा मात्र जेमतेम 30 टक्के पालकांना. परंतु पर्याय म्हणून मुलाला पूर्ण भूल द्यावी लागेल असे म्हटल्यावर पुढच्या दातांसाठीही सुमारे 60 टक्के पालकांनी या औषधाला पसंती दिली. साधारण एक तृतीयांश पालकांनी मात्र कोणत्याही परिस्थितीत नकोच असे सांगितले. आकडे तिकडचे आहेत, परंतु मला त्यात आमचेच घर दिसले. काळा दात कुरूप की चालण्यासारखा, हे मत एकटे उभे नसते. त्याऐवजी दुसरे काय करावे लागणार आहे, हे समजल्यावर ते बदलते. म्हणून डॉक्टरांनी “दात काळे होतील, चालेल का?” एवढेच विचारले तर पालकांवर अन्याय होतो. साडेतीन वर्षांच्या मुलाचे चार दात कोरून, भरून, वरून पांढऱ्या टोप्या घालायच्या असतील तर एक तर मूल बराच वेळ तोंड उघडून शांत बसले पाहिजे किंवा त्याला पूर्ण भूल दिली पाहिजे, हे त्याच वाक्याच्या पुढे यायला हवे.

आपल्याकडे काळ्या दाताला आणखी काही अर्थ चिकटलेले आहेत. काळे दात म्हटले की मशेरी आठवते, दुर्लक्ष आठवते, आईने मुलाकडे पाहिले नाही असा निष्कर्ष निघतो. वाढदिवसाला, लग्नकार्यात, सोसायटीच्या गणपतीत कोणीतरी मुलाची हनुवटी धरून विचारणारच, “अगं, याचे दात असे कसे झाले?” आणि हा प्रश्न बहुतेक वेळा आईलाच विचारला जाईल, वडिलांना नाही. म्हणून पालकांचा संकोच हा केवळ देखणेपणाचा हट्ट आहे असे मी मानत नाही. त्यामागे दोष लावला जाण्याची भीती असते. भाचीला मी एवढेच सुचवले की अशा वेळी एका वाक्यात उत्तर द्यावे: “कीड थांबवायचे औषध लावले आहे, त्याचा रंग आहे.” दोष आपला नाही हे आधी घरातल्यांनी एकमेकांना सांगितले, तर बाहेर ते सांगणे सोपे जाते.

काळेपणा कमी करण्याचे मार्गही आहेत. औषधानंतर पोटॅशियम आयोडाईड लावल्यास डाग काही प्रमाणात फिका राहू शकतो, मात्र तो टिकेलच याची खात्री नसते. मूल थोडे मोठे आणि सहकार्य करणारे झाले की काळ्या भागावर दाताच्या रंगाचे ग्लास आयोनोमर सिमेंट बसवता येते. त्यासाठी कोरण्याचे यंत्र लागत नाही. आमच्याकडे वडील राजी झाले ते याच अटीवर. मधल्या दोन दातांवर पुढे सिमेंट बसवायचे ठरले. मला हा तोडगा समंजस वाटला.

औषध ओठाला किंवा गालाला लागले तर तेथेही तपकिरी डाग पडतो, पण तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. कपड्यांवरचा मात्र जात नाही. चव धातूसारखी, काहीशी कडवट असते. मुलाला चांदीची अ‍ॅलर्जी असेल किंवा हिरड्यांना व तोंडात जखमा असतील, तर ते लावत नाहीत.

फ्लोराईड हा शब्द ऐकून काही घरे एकदम मागे सरतात, आणि महाराष्ट्रात तसे होणे स्वाभाविक आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील जादा फ्लोराईडमुळे दातांवर व हाडांवर दुष्परिणाम झालेली माणसे आहेत. पण ते दुष्परिणाम वर्षानुवर्षे रोज तसे पाणी प्यायल्याने होतात. या औषधाची तीव्रता ऐकायला भीतिदायक वाटते, दर दहा लाख भागांत 44,800 भाग फ्लोराईड. परंतु वापरायचा असतो एक थेंब, आणि त्या एका थेंबात पाच दातांपर्यंत काम भागते. थेंब साधारण 25 मायक्रोलिटरचा धरला तर त्यात जेमतेम 1.1 मिलिग्रॅम फ्लोराईड असते, तेही वर्षातून दोनदा. ज्या मात्रेला विषबाधेचा विचार करून तातडीने दवाखाना गाठावा असे मानतात, ती शरीराच्या दर किलोमागे 5 मिलिग्रॅम आहे. 14 किलोच्या मुलासाठी 70 मिलिग्रॅम. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला आणि त्यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही. पुण्याच्या मध्यवर्ती भागाला खडकवासल्याच्या धरणसाखळीचे पाणी येते, परंतु हद्दीवरच्या अनेक सोसायट्या टँकर व बोअरवर अवलंबून आहेत. तेथे राहणाऱ्यांनी पाण्यातील फ्लोराईड एकदा तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम आहे.

आजोबांच्या ‘पडायचेच आहेत’ या मुद्द्याला उत्तर देताना मी दातांचे वेळापत्रकच सांगितले. वरचे पुढचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला खळगा पडलेली दाढ आणखी सहा-आठ वर्षे वापरायची आहे. ती ठणकू लागली तर मूल एका बाजूने चावते, रात्री उठते, शाळा बुडते; गळू झाले तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते; दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकून कायमच्या दाताची जागा अडवतात. भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. इतक्या घरांत ‘पडायचेच आहेत’ म्हणून वाट पाहिली, तर त्यातल्या किती मुलांना वेदना सोसावी लागेल, याचा विचार करायला हवा.

तरीही आजोबांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे, आणि न कोरता होणारे उपचार त्याचाच आदर करतात. दात कायमचा नाही, म्हणून तो शंभर टक्के पूर्ववत करण्याची गरज नाही. तो पडेपर्यंत वेदनेविना व सुजेविना टिकवणे पुरे आहे. या विचारातून आणखीही साध्या पद्धती आल्या आहेत. नुकताच पांढरा डाग पडला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराईडचा लेप, ज्याला वार्निश म्हणतात, लावून तो डाग मागे फिरवता येतो. खळगा उथळ असेल तर त्याच्या कडा मोकळ्या करून तेथे ब्रश पोहोचेल असे करतात. आणि 1980 च्या दशकात टांझानियामध्ये, वीज व यंत्रे नसलेल्या ठिकाणी, केवळ हातातल्या अवजारांनी मऊ भाग खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली. आज ती सुसज्ज दवाखान्यांतही घाबरणाऱ्या मुलांसाठी वापरतात.

दंततज्ज्ञांशी बोलताना मला एक अवघड गोष्ट कळली. असे उपचार सुचवले की काही घरांची तक्रार असते, “काही केलंच नाही, नुसता रंग लावला आणि पैसे घेतले.” यंत्राचा आवाज झाला, मूल रडले, कापूस लाल झाला, की आपल्याला उपचार झाल्यासारखे वाटते. दोन मिनिटांत मूल खुर्चीतून उतरून हसत बाहेर आले की शंका येते. पण डॉक्टरांचे काम त्या दोन मिनिटांत नसते. कोणता दात थांबवता येईल आणि कोणता नाही, हे ओळखण्यात असते. रात्री आपोआप ठणकणारा दात, हिरडीवर आलेली पुळी, गालाची सूज, हलणारा दात, एक्स-रेमध्ये मुळाजवळ दिसणारी काळी सावली, यांपैकी काही असेल तर कीड दाताच्या नसेपर्यंत गेलेली असते. तेथे औषध किंवा न कोरता टोपी हा उपाय नव्हे. त्या दाताच्या नसेवर उपचार करावा लागतो किंवा तो काढावा लागतो, आणि तेव्हा भुलीची भीती धरून टाळाटाळ केल्याने मुलाचेच हाल होतात. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे वाढत असेल, मुलाला ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

या उपचारांकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नये. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमधील तीन ते सात वर्षांच्या 1,144 मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. एका गटात कोरून भरणे, दुसऱ्यात कीड आत बंद करणे आणि तिसऱ्यात केवळ प्रतिबंधक काळजी, अशी विभागणी होती. तिन्ही गटांत वेदना किंवा जंतुसंसर्ग झालेल्या मुलांचे प्रमाण जवळपास सारखेच, 40 ते 45 टक्क्यांच्या दरम्यान निघाले. याचा एक अर्थ असा की न कोरण्याने मुलाचे नुकसान झाले नाही. दुसरा अर्थ असा की एकदा दात किडू लागले की दवाखान्यातला कोणताही एक उपचार पुरा पडत नाही, घरातले खाणे आणि दात घासणे बदलावे लागते. मला हा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो.

आमच्याकडे हा बदल सर्वांत कठीण गेला, कारण मूल दिवसभर आईवडिलांजवळ नसते. सकाळी आजी, दुपारी पाळणाघर, संध्याकाळी पुन्हा आजी-आजोबा. प्रत्येक जण प्रेमाने काही तरी हातावर ठेवतो: चहात बुडवलेले बिस्कीट, गूळ-तूप-पोळी, खजुराचा लाडू. साखर बंद केली म्हणजे गूळ, मध आणि खजूर चालतात, असा समज पक्का असतो; दातावरील जीवाणूंना मात्र या सर्वांतील साखर सारखीच उपयोगी पडते, आणि चिकट पदार्थ तर दातावर अधिक काळ राहतो. गोड पूर्ण बंद करा असे कोणीही म्हटले नाही. जे गोड द्यायचे ते जेवणाबरोबर द्यावे, मधल्या वेळेत फळ, शेंगदाणे कुटून, चीज किंवा भाकरीचा तुकडा द्यावा, आणि रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काहीही देऊ नये, एवढेच ठरले. दुधातली साखर पंधरा दिवसांत थोडी थोडी कमी करत बंद केली. बाटली गेली आणि पेला आला.

दात घासण्याबद्दल दोन गोष्टी बहुतेक घरांत ठाऊक नसतात. पहिली म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावे लागतात, कारण तोवर हाताला ती सफाई येत नाही. दुसरी म्हणजे मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराईड नसतेच. वेष्टन वाचून सुमारे 1000 पीपीएम (दर दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराईड असलेली पेस्ट घ्यावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. घासल्यावर थुंकायला शिकवावे.

खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्यात सोय आहे. भारती विद्यापीठ, सिंहगड, पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील, कॅम्पमधील रंगूनवाला अशी दंत महाविद्यालये येथे आहेत आणि दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग असतो. तेथे शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ अधिक लागतो. कोठेही गेलात तरी निर्णय घेणारे सगळे जण, शक्य असेल तर आजीसुद्धा, पहिल्या भेटीला बरोबर असावेत. एकाने ऐकून घरी येऊन चौघांना सांगायचे, यात अर्धे उत्तर वाटेतच हरवते.

आमच्या मुलाला औषध लावल्याला आता सात महिने झाले. दोन आठवड्यांनी तपासले तेव्हा चारपैकी तीन दातांवरील भाग कठीण व चमकदार काळा झाला होता. चौथ्याची कड अजून मऊ होती, म्हणून तेथे औषध पुन्हा लावले. सहा महिन्यांनी चारही ठिकाणी दुसरी फेरी झाली. नुसता रंग पाहून समाधान मानू नये, हेही तेव्हा कळले. थांबलेली कीड टणक लागते, चालू असलेली मऊ आणि निस्तेज असते, आणि हा फरक अवजार लावूनच समजतो. एका दाढेवरची टोपी पक्की आहे. दुसरी एकदा सैल झाली होती आणि ती दोन दिवसांत पुन्हा बसवून घेतली. सासूबाईंनीच ते ब्रश करताना ओळखले. आता त्यांचे लक्ष सहाव्या वर्षाकडे आहे. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ गुपचूप येते आणि बऱ्याच घरांत ती दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर बसणाऱ्या संरक्षक लेपाने, बुजवून घ्यायच्या, असे डॉक्टरांनी फाइलवर लिहून ठेवले आहे.